हान्स घेतला म्हणजे डोक्याची काळजी मिटली का?

फोंड्याचा_नेव्हिगेटर
नमस्कार मंडळी. रॅलीची गाडी हॅचबॅक, आत वेल्ड केलेला रोल केज (पोलादी पाइपांचा पिंजरा), सहा पॉइंटचा हार्नेस (सीटचे पट्टे). स्टेज (वेळ लावून पळवायचे रस्त्याचे टप्पे) कच्च्या, लाल मातीच्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि काजूची झाडं. दोघांसाठी हान्स (खांद्यावर पट्ट्यांखाली बसणारी, हेल्मेट धरून ठेवणारी कडक कॉलर) घेतले, तेव्हापासून ड्रायव्हर म्हणतो डोक्याची चिंता संपली. मला पटत नाही, म्हणून विचारतो.
हान्सने कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) टळतं की फक्त मान वाचते?
केजच्या पाइपांना एसीच्या पाइपावर असतो तो काळा फोम गुंडाळलाय. चालेल का?
गाडी आपटली, ड्रायव्हर आपल्या पायांनी बाहेर आला, "मी ठीक आहे" म्हणतो, पुढची स्टेज चाळीस मिनिटांवर. जाऊ द्यायचं की नाही, हे कोणी आणि कसं ठरवायचं?

स्पॅनर_१३
फोमचं आधी. तो आजच काढा. तो थंडावा राखायला बनवलाय. अंगठ्याने दाबून बघा, पाइप लगेच बोटाला लागतो. हेल्मेट आदळलं की तेच होणार, फोम क्षणात चपटा आणि पुढचा सगळा मार पोलादाचा. हेल्मेट पोचू शकेल अशा प्रत्येक पाइपवर एफआयएच्या (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) ८८५७-२००१ टाइप ए मानकाचं पॅडिंग लागतं. ते हाताला इतकं कडक लागतं की "ह्याला पॅडिंग म्हणायचं?" असं वाटतं. पण कडक आहे म्हणूनच ते चेपता चेपता धक्का खातं. कुठवर लावायचं? पट्टे आवळून, हेल्मेट घालून बसा आणि दुसऱ्याला डोकं सगळीकडे ढकलायला सांगा. जिथवर जाईल त्याच्याही पुढे एक वीत धरा, कारण अपघातात पट्टे ताणतात. दरवाजाच्या वरचा पाइप आणि पुढचा खांब हमखास विसरतात. आणि हो, केजवाली गाडी घेऊन बिनहेल्मेट मार्केटात जाऊ नका. उघड्या डोक्याला तो पाइप म्हणजे वरवंटा.

आता हान्स. गाडी थांबते, पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं हेल्मेटच्या वजनासकट पुढे जात राहतं. मान ताणली जाते आणि कवटीचा तळ तडकतो. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो याच दुखापतीने. हबर्ड आणि डाउनिंग यांनी हान्स १९८० च्या दशकातच तयार केला होता, पण फॉर्म्युला वनमध्ये तो सक्तीचा झाला २००३ मध्ये. तळ तडकण्यापासून तो उत्तम वाचवतो. मेंदूचं गणित मात्र वेगळं. करवंटी शाबूत राहिली म्हणून नारळातलं पाणी हिंदकळायचं थांबत नाही. डोकं झटक्यात फिरलं की आतले मज्जातंतू ताणले जातात, त्यासाठी डोकं कुठे आपटावंच लागतं असं नाही.

बसवताना होणाऱ्या चुका:
हान्सवर २० किंवा ३० लिहिलेलं असतं. हॅचबॅकमध्ये ताठ बसतो, तिथे २०. ३० चा फॉर्म्युला गाडीत रेलून बसणाऱ्यांसाठी, तो स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका.
खांद्यावरचे पट्टे मागे जवळपास आडवे जायला हवेत, फार तर २० अंश खाली. मागच्या सीटच्या मूळ बोल्टांना बांधले तर दुहेरी तोटा: आपटताना कणा खाली दाबला जातो, आणि पट्टा जितका लांब तितका जास्त ताणून डोकं जास्त पुढे जातं. हार्नेस बार (पट्टे बांधायचा आडवा पाइप) सीटच्या मागे जवळच घ्या.
कमरेचा पट्टा आधी, तोही पोटावर नको, कमरेच्या हाडावर, अगदी घट्ट. मग हान्स खांद्यावर नीट बसवून वरचे पट्टे. घाईत उलटं केलं की वरचा पट्टा हान्सच्या कडेवरून घसरतो, आणि हे बाहेरच्या माणसालाच दिसतं. प्रत्येक स्टार्टला एकाने खिडकीतून बघायचं.
टेदरचे (हान्स हेल्मेटला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) अँकर बसवायला हेल्मेटला घरी ड्रिल मारायचं नाही. हान्ससाठी एफआयएची मान्यता आणि तसं लेबल असलेलं हेल्मेट घ्या.
बाजूने गडग्यावर गेलात तर हान्सचा उपयोग थोडाच. तिथे सीटचे डोक्याजवळचे कान लागतात. एफआयए ८८६२-२००९ ची सीट महाग आहे, पण पैसे इंजिनात घालण्याआधी तिथे घाला, असं माझं स्पष्ट मत.

पावसाळ्याचं एक. आपल्या हवेत बकलमध्ये गंज आणि पट्ट्यावर बुरशी धरते. पट्टा पेट्रोलने किंवा ब्लीचने धुऊ नका, धागा कमजोर होतो. लेबलवर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, ते उलटलं की पट्टा कितीही नवा दिसू दे, बाद.

ट्रॅकसाइड_डॉक
तिसरा प्रश्न. पहिला नियम: ठरवणारा माणूस त्या गाडीत बसलेला नसावा. नेव्हिगेटरबाब, तुमचंही डोकं त्याच धक्क्यातून गेलंय, तेव्हा ड्रायव्हर ठीक आहे की नाही हे तुम्ही सांगायचं नाही. सर्व्हिस क्रूमधला एक जण आधीच नेमा. स्पर्धेचा डॉक्टर असेल तर शब्द त्याचाच.

मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील, तर बाहेर ओढू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि रेस्क्यूची वाट बघा. हेल्मेट काढायला दोन माणसं: एक मान आणि हनुवटी धरतो, दुसरा हेल्मेट काढतो. आग असेल तर अर्थात आधी बाहेर.

चालत आला तर विचारा: ही कितवी स्टेज? मागची कुठे संपली? आपटण्याआधी नेव्हिगेटरने वाचलेली वळणाची शेवटची नोट कुठली? डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवून, हात कमरेवर, डोळे मिटून २० सेकंद उभं करा. डोकं दुखणं, मळमळ, उजेडाचा त्रास, धूसर दिसणं, उत्तराला उशीर, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगाच चिडणं. यातलं एकही असेल तर त्या दिवशी गाडी बंद. सगळं बरोबर आलं म्हणूनही सुटलात असं नाही, लक्षणं काही तासांनीही उगवतात. शंका असेल तर बसवायचं नाही.

उन्हाचा घोळ इथे नेहमीचा. फायरसूटमध्ये घाम जाऊन डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून लोक लिंबूपाणी देऊन मोकळे होतात. आपटल्यानंतर तेच लक्षण आलं तर ते डोक्याचंच समजा. पाणी द्याच, पण स्टेजला सोडू नका.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, गुंगी, हातापायात अशक्तपणा: थेट १०८, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज). तिथे न्यूरोसर्जरी आहे, जवळच्या छोट्या इस्पितळात वेळ घालवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षण नसलं तरी न्या. एक लक्षात असू द्या: सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो, कन्कशन नाही. "रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे "रविवारी गाडी चालवा" असा अर्थ होत नाही.

फोंड्याचा_नेव्हिगेटर
देव बरे करो दोघांचं. घरी नेल्यावर रात्रभर जागं ठेवायचं का? आणि परत बसायचं कधी?

ट्रॅकसाइड_डॉक
जागं ठेवणं ही जुनी समजूत. डॉक्टरने तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, फक्त पहिली रात्र एकटं ठेवू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, झोपेची गोळी आणि दारू नको. स्कूटरही नको.

पहिले २४ ते ४८ तास आराम, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. घरात हिंडा, मोबाइल कमी. मग चालणं, सायकल, जरा जोराचा व्यायाम, अशा पायऱ्या, प्रत्येकीला किमान २४ तास. लक्षण वाढलं की एक पायरी मागे. सिम्युलेटर लवकर देऊ नका, पडद्यावरच्या हलत्या चित्राने गरगरतं. मोठ्या माणसाला साधारण दोन आठवडे लागतात, मुलांना महिनाही. गाडीत बसण्याआधी डॉक्टरचा लेखी होकार.
फेब्रुवारी २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या टेस्टमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर अलोन्सो आपटला, तपासण्यांमध्ये काही सापडलं नाही, तरी डॉक्टरांनी त्याला मेलबर्नची पहिली शर्यत खेळू दिली नाही. इतक्या लवकर दुसरा धक्का बसायला नको, एवढंच कारण.

स्पॅनर_१३
आपटलेलं हेल्मेटही बाद करा. आतला थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, वरून रंग शाबूत दिसला तरी. डॉकने सांगितलेले ते प्रश्न छापून, लॅमिनेट करून सर्व्हिस व्हॅनच्या दाराला चिकटवा आणि बाजूला पेन्सिल बांधा. आपटल्याची वेळ आणि प्रत्येक उत्तराची वेळ कागदावर लिहायची, इस्पितळात पहिला प्रश्न तोच येतो. पेन नको, पावसात शाई पसरते.