कपडे मऊ करणारा सॉफ्टनर मशीनमध्ये नेमका कधी ओतायचा? मदत हवी आहे

आमच्या टॉप लोड वॉशिंग मशीनला सॉफ्टनरचा कप्पाच नाही. परवा पावडरीसोबतच ओतला, तर कपडे ना धड स्वच्छ ना मऊ. नंतर कळलं, दोघं एकमेकांचा परिणाम मारतात, म्हणून तो शेवटच्या रिन्सच्या (खळबळण्याच्या) पाण्यातच घालायचा. पुढच्या वेळी तसं केलं, पण घाईत थेट कपड्यांवर. निळ्या कुर्त्याच्या खांद्यावर चांगला तळहाताएवढा तेलकट डाग! आता मगभर पाण्यात कालवून घालेन. (टॉवेल वगळून, ते पाणी टिपेनासे होतात.) पण शेवटचं रिन्स आलं हे ओळखायचं कसं? दर वेळी मशीनपाशी पहारा द्यायचा का? कोणी सॉफ्टनरचा बॉल (सॉफ्टनर भरून कपड्यांसोबत टाकायचा तो) वापरलाय? तो स्पिनला उघडतो म्हणे. मग दोनदा रिन्स होत असेल तर पहिल्यातच रिकामा होणार ना?