फ्लॅग आवडतो, पण ७७ नंबर विसरवत नाही

‘कूपर फ्लॅगसारखा नवा खेळाडू मिळाला ना, मग लुका गेल्याचं रडगाणं आता पुरे’ असं आम्हा डॅलस मॅव्हरिक्सच्या (एनबीए, म्हणजे अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला संघ) चाहत्यांना ऐकवलं जातं, ते काही पटलं नाही बुवा. ड्राफ्ट लॉटरीत, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, पहिला नंबर लागायची मॅव्हरिक्सची शक्यता होती १.८ टक्के! लागला, ते नशीब. त्याचं श्रेय तेव्हाचा जनरल मॅनेजर निको हॅरिसन याने केलेल्या लुकाच्या सौद्याला कसं द्यायचं?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. इथे सकाळचे पावणेअकरा. हातात पोह्यांची बशी आणि फोनवर बातमी, आमचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे. आधी वाटलं, बातमीदाराचं खातं हॅक झालं असणार. आठ महिन्यांपूर्वी ज्याने फायनलला नेलं तो २५ वर्षांचा पोरगा द्यायचा, आणि घ्यायचं काय, तर ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा एक पिक (खेळाडू निवडीचा हक्क).

डेव्हिसवर राग नाही हं. पहिल्याच सामन्यात रॉकेट्सविरुद्ध २६ गुण, १६ रिबाउंड. ‘बचावच जिंकून देतो’ हे हॅरिसनचं म्हणणं तेव्हा घटकाभर खरंही वाटलं, कबूल. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये गडी दुखापतीने बाहेर!

आणि मग ९ एप्रिल. लुका डॅलसमध्ये परतला, बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसले आणि ४५ गुण ठोकले. इथे पहाट होती. मॅव्हरिक्सची जर्सी घालून मी त्याच्या प्रत्येक थ्रीला (तीन गुणांच्या बास्केटला) टाळ्या पिटत होतो. शेवटी बायकोने विचारलं, “अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?”

फ्लॅगची जर्सी घ्यायची आहे. पण लुकाची ७७ नंबरची काही कपाटातून काढवत नाही.