पॅनेलवरचा एकसारखेपणा ही नुसती रंगरंगोटी नव्हे

निळीशाई
काल खटपट्या यांनी लिहिलं की पॅनेलवरचे (पडद्याच्या कडेच्या पट्टीवरचे) मेसेजिंग आणि स्टेटसचे मेनू एकसारखे असावेत हा डिझायनर मंडळींचा हट्ट आहे. ज्याचं अ‍ॅप त्याने हवा तसा आयकन आणि मेनू करावा, वापरणारा शिकतो. वाचून इतकी चिडचिड झाली की वेगळा धागा काढतेय.

शिकतो हो, पण काय काय शिकायचं? माझ्या पॅनेलवर एका आयकनवर डावं क्लिक केलं की खिडकी उघडते, दुसऱ्यावर उघडी खिडकी गायब होते, तिसऱ्यावर मेनू येतो, आणि चौथ्यावर उजवं क्लिक केल्याशिवाय काही हलत नाही. 'बाहेर पडा' कुठे मेनूच्या तळाशी, कुठे सेटिंग्जच्या पोटात. चॅटमध्ये 'व्यस्त' केलं तरी कॉलच्या अ‍ॅपला त्याचा पत्ताच नसतो.

उबुंटू या लिनक्सने २०१०च्या १०.०४ आवृत्तीमध्ये हे नीट विचार करून केलं होतं. पाकिटाच्या एका आयकनखाली एम्पथीची चॅट, इव्होल्यूशनची मेल आणि ट्विटरसारख्या साइटचं ग्विबर. शेजारच्या मी-मेनूत 'व्यस्त', 'उपलब्ध' असं स्टेटस. क्लिक डावं असो की उजवं, मेनूच उघडणार. मेनू उघडा ठेवून बाणाची कळ दाबली की शेजारचा उघडायचा. एकदा हाताला सवय झाली की बघावंही लागत नसे.

खटपट्या
उदाहरण तुम्हीच आणलंत, आता पुढचंही सांगा. तो मी-मेनू ११.१०मध्ये काढला आणि स्टेटस पाकिटाखाली हलवलं. दीड वर्षात जागा बदलली! हाताला सवय लावायची आणि मग तीच मोडायची.

आणि एकसारखं करताना काय काय कापलं ते बघा. पूर्वी आयकनवर माऊस नेला की टूलटिप दिसायची, ती गेली. एका क्लिकमध्ये चॅटची खिडकी उघडायची, तिथे मेनू उघडा, नाव शोधा, मग क्लिक. मेल बंद असली तरी तिचं नाव यादीत कायम. चालू आहे की नाही ते शेजारच्या चिमुकल्या त्रिकोणावरून ओळखायचं. दिवसभर चॅटवर काम करणाऱ्याला हा त्रास आहे. सगळ्यांना समान म्हणजे सगळ्यांना कमी, असा तो प्रकार होता.

चक्रधर
मूळ दुखणं वेगळंच आहे: खिडकीवरची बंद करायची फुली. फुली दाबली की अ‍ॅप बंद व्हायलाच हवं. मेनू कसाही असू द्या.

ऑफिसचं चॅट मी संध्याकाळी फुली दाबून बंद केलं. ते मागे चालूच, स्टेटस हिरवंगार. सहकाऱ्याचं काम अडलेलं, तो रात्रभर विचारत राहिला. सकाळी सगळ्या टीमसमोर त्याने ऐकवलं, 'ऑनलाइन असून उत्तर देत नाही.' त्याला काय समजावणार?

मुक्ता_प
चक्रधर, फुलीने चॅट खरोखर बंद झालं तर मेसेज येणार कसे? मी गाणी लावून खिडकी बंद करते, गाणं चालू राहावं म्हणूनच. बहुतेकांना हेच हवं असतं.

चक्रधर
बहुतेकांचं कशावरून बोलता? मागे चालू ठेवायचं तर मिनिमाइझचं बटण आहे की.

मुक्ता_प
कुठे आहे? ग्नोम ३ या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०११मध्येच ते डीफॉल्ट खिडकीवरून काढलं. आणि ३.२६मध्ये, २०१७ साली, आयकनांचा जुना ट्रेही काढला. म्हणजे फुलीने लपणारं अ‍ॅप तिथे दिसायलाच जागा नाही. चालू आहे, पण कुठे आहे कळत नाही. उबुंटूला १७.१०मध्ये ग्नोमवर येताना अ‍ॅपइंडिकेटरचं एक्स्टेन्शन (पॅनेलवर असे आयकन दाखवणारी जोड) सोबत द्यावं लागलं ते उगाच नाही.

चक्रधर
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना! दाखवायला जागा नसेल तर लपू देऊ नका, बंद करा.

मुक्ता_प
नाही झालं सिद्ध. जागा द्या, हे सिद्ध झालं. दुसऱ्याचं म्हणणं वाचून तरी उत्तर देत जा.

पानगळ
फुलीवरून भांडा खुशाल, पण मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. विंडोजमध्ये विंडोज+बी दाबून आयकनांपाशी जातो. काही आयकन नाव सांगतात, काही नुसतं 'बटण' म्हणतात. एका अ‍ॅपचा मेनू तर स्वतः रंगवलेला आहे. उघडला की रीडर गप्प. त्यात 'व्यस्त' कितव्या ओळीवर आहे ते मी पाठ केलं होतं. अपडेटमध्ये क्रम बदलला आणि बैठकीच्या ऐन वेळी मी 'ऑफलाइन' होऊन बसलो.

लिनक्सच्या जुन्या ट्रेमध्ये अ‍ॅप स्वतःच आपला आयकन रंगवायचं. उबुंटूच्या इंडिकेटर पद्धतीत ते मेनूची फक्त यादी डी-बसवरून (प्रोग्रॅमांच्या आपापसातल्या निरोपवाटेवरून) पाठवतं आणि मेनू पॅनेल काढतं. त्यामुळे तो वाचून दाखवायची सोय एकदा पॅनेलमध्ये केली की प्रत्येक अ‍ॅपच्या दारात जावं लागत नाही. खटपट्या, 'वापरणारा शिकतो' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?

खटपट्या
पानगळ, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मेनू पॅनेलनेच काढावा, मान्य. तेवढंच मान्य. डावं क्लिक आणि टूलटिप मला परत हवीच, आणि त्याने तुमचं काही अडत नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या स्टेटसनोटिफायरआयटम या आयकन-पद्धतीत डाव्या क्लिकची क्रिया वेगळी, संदर्भ-मेनू (उजव्या क्लिकचा) वेगळा, टूलटिपलाही जागा आहे. उबुंटूने छाटलं ते गरजेचं नव्हतं.

निळीशाई
टूलटिप घ्या, माझी हरकत नाही. डाव्या क्लिकवर अडलंय. खिडकी उघडायची की लपवायची हे पुन्हा अ‍ॅपवर सोपवलं की माझ्या पॅनेलवरचा सावळा गोंधळ आहे तिथेच. 'डावं क्लिक म्हणजे खिडकी उघडणारच' असा नियम सगळ्यांना बांधा, मग मी तयार आहे.

आणि स्टेटसला तुम्ही हातच लावलेला नाही. ग्नोम ३.३६मध्ये, २०२०ला, 'व्यत्यय नको'ची कळ आली. ती माझ्या पडद्यावरचे पॉपअप थांबवते. पलीकडच्याला माझा ठिपका हिरवाच दिसतो. चक्रधरांवर जी वेळ आली ती याच फटीतून.

खटपट्या
स्टेटस एका जागी नकोच. ऑफिसला 'व्यस्त' असताना मी घरच्यांसाठी उपलब्ध असतो. एकच कळ दोघांना तेच सांगणार असेल तर मी ती पहिल्या दिवशी बंद करेन.

निळीशाई
मग खात्यानुसार अपवाद ठेवा की. एक कळ सगळ्यांना लागू, आणि घरचं खातं तिच्यातून वगळायची सोय त्याच मेनूत. आज मला प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन 'व्यस्त' करावं लागतं आणि संध्याकाळी प्रत्येक ठिकाणी ते काढावंही लागतं.

चक्रधर
याला माझा पाठिंबा. फुलीवर मात्र मी मागे हटलेलो नाही.