वृद्धाश्रमातून डॉक्टरांना फोन: जंतुसंसर्गाची शंका आली तर नेमकं काय सांगायचं?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)
रात्री आश्रमात एकच ताई असते आणि डॉक्टर तालुक्याला. "आजीला बरं नाही" एवढ्यावर फोनवर काही ठरत नाही. आधी काय मोजायचं, काय सांगायचं?

उत्तर 1
ताप 102 होण्याची वाट पाहू नका, म्हातारपणी तो बऱ्याचदा तेवढा चढत नाही. तोंडात एकदाही 100 फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा नेहमीपेक्षा 2 अंश वाढला, की तो ताप धरा. त्यासाठी नेहमीचं किती ते वहीत आधीच लिहिलेलं हवं. चहानंतर 20 मिनिटं थांबून मोजा. काखेत मोजलं तर तसं सांगा, तिथे आकडा कमी येतो. पॅरासिटामॉल देण्याआधीच मोजा, नाहीतर ताप झाकला जातो.
श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, आजींना न सांगता. 25 च्या वर असेल तर फोन लगेच.

उत्तर 2
सुटतं ते वागणं. काल स्वतः भाकर मोडून खाणारे आबाजी आज घास गालात धरून बसले, बरळायला लागले, उठताना पडले, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. केव्हापासून, ते सांगा.
उलट, लघवीला नुसता वास येतो म्हणून अँटिबायोटिक मागू नका. पाणी कमी पडलं तरी वास येतो. लघवीची नळी लावलेली असेल तर तपासणीचा नमुना पिशवीतून कधीच नको, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात.
पावसाळ्यात आणि त्यानंतर काख, जांघ, स्तनांखालची घडी उघडून बघा. काळी खपली दिसली तर आवर्जून सांगा, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असू शकतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते.

उत्तर 3
फोन असा करा: "आजी 78 वर्षांच्या, शुगर आहे, लघवीची नळी तीन आठवड्यांपासून. दुपारपासून बरळतात, जेवल्या नाहीत. चार वाजता तोंडात ताप 100.8, श्वास 26, नाडी 108, बीपी 110/70, ऑक्सिजन 93. पेनिसिलिन चालत नाही. तापाची गोळी दिलेली नाही. तुम्ही येता, की आम्ही घेऊन येऊ?"
शेवटचा प्रश्न विचाराच, नाहीतर "बघू सकाळी" वर फोन संपतो. डॉक्टर सांगतील ते त्यांनाच परत वाचून दाखवा आणि वेळ टाकून लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी गार बोट चोळून गरम करा, मेंदीचं नख टाळा.
वरचा बीपी 100 च्या खाली, ऑक्सिजन 90 च्या खाली किंवा हलवूनही जाग येत नसेल, तर आधी रुग्णवाहिकेला 108 वर फोन, मग डॉक्टर.