मदत हवी आहे: बेडूकमाशांचं तुटलेलं शेपूट आणि प्रतिकारशक्ती

नमस्कार मंडळी,

सज्जनगडाच्या पायथ्याला, परळी खोऱ्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पावसाळ्यात इथली भातखाचरं बेडूकमाशांनी भरतात. चतुराच्या अळ्या त्यांच्या शेपटांचे लचके तोडतात. असे जखमी बेडूकमासे मुलांनी खाचरातल्याच पाण्यात, घमेल्यात ठेवलेत. काहींचं शेपूट पुन्हा वाढतंय. काहींची जखम नुसती भरून आली, शेपूट आखूडच राहिलं. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, जंतूंशी लढणाऱ्या पेशी शेपूट परत आणतात की अडवतात?" प्रश्न इतका चांगला आहे की तिला अर्धवट उत्तर द्यायला मन होत नाही.

वाचलं ते असं. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या पिल्लाचं शेपूट कापलं तर मज्जारज्जू आणि स्नायूंसकट नवं येतं. पण अंडं फलित झाल्यावर साधारण चौथ्या ते सातव्या दिवसात तुटलं तर बहुधा येत नाही. त्याआधी येतं, नंतरही येतं! २००९ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी या मधल्या काळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तेच टॅक्रोलिमस जे किडनी बदललेल्या माणसांना देतात. शेपटं वाढू लागली. म्हणजे प्रतिकारशक्ती अडवते. पण २०२० मध्ये केंब्रिजच्या गटाने भक्षक पेशी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) काढून टाकल्या, तर वाढणारं शेपूटही वाढेना. म्हणजे ती मदत करते. मुलांना यातलं काय सांगू?

दुसरं, एक पालक म्हणतात की घमेल्यात अँटिबायोटिकची पूड टाका, जखमा चिघळणार नाहीत. टाकावी का? आणि एकही शेपूट आम्ही कापणार नाही, तेव्हा नुसत्या निरीक्षणावर प्रकल्प उभा राहील का?

प्रतिसाद १

ताई, दोन्ही खरं आहे. भक्षक पेशी सगळ्या एका स्वभावाच्या नसतात. काही दाह पेटवतात, काही डागडुजी करतात. डागडुजीवाल्यांचा जोर असला की मेलेल्या पेशी उचलल्या जातात, जखमेजवळच्या ऊतीची फेररचना होते, आणि त्वचेतल्या काही खास पेशी जखमेच्या टोकाशी येऊन वाढीचे संदेश सोडतात. या खास पेशी केंब्रिजच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवल्या. मधल्या काळात दाह लांबतो आणि त्या तिथवर पोचत नाहीत. त्या मुलीला सांगा, कोणत्या पेशी आणि कोणत्या वयात, यावर सगळं आहे.

पूड अजिबात टाकू नका. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात जेंटामायसिन या अँटिबायोटिकमध्ये वाढवलेल्या पिल्लांची शेपटं कमी प्रमाणात परत आली. उलट काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक घटक पाण्यात घातला तर प्रमाण वाढलं. अंगावरचे जिवाणूही या गोष्टीत सामील आहेत, म्हणून खाचराचंच पाणी ठेवलंत ते उत्तम. नळाचं घालावं लागलं तर क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेवा.

प्रतिसाद २

प्रकल्प नक्की उभा राहील. पांढऱ्या ताटलीखाली आलेख कागद ठेवा, थोडं पाणी, वरून फोटो. शेपटाची लांबी आणि मागच्या पायांची वाढ दोन्ही नोंदवा. वय दिवसांत मोजू नका, बेडूकमाशांच्या वाढीच्या अवस्थांचा गोस्नरचा १९६०चा तक्ता वापरा, त्यात ४६ अवस्था आहेत आणि तो आपल्याकडच्या बहुतेक बेडकांनाही चालतो. पुढचे पाय बाहेर आले की धडधाकट शेपूटही आक्रसतं, ते थायरॉइडच्या संप्रेरकामुळे. त्यानंतरच्या नोंदी धरू नका.

झेनोपसचे दिवस इथल्या भेकाला (खडबडीत कातडीच्या बेडकाला) जसेच्या तसे लावू नका. जखम कधी झाली हेही माहीत नाही, तेव्हा ताजी जखम दिसली त्या दिवसापासूनच मोजा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पूड टाकत नाही. आता एकच अडचण: घमेल्यात काळी आणि करडी, दोन्ही पिल्लं आहेत. काळी भेकाची असावीत. करडी कुणाची? उद्या तोंडाकडून आणि बाजूने फोटो काढून टाकते. सातारा भागातले बेडूक ओळखणारं कुणी असेल तर कृपया पाहा, जाती वेगळ्या केल्याशिवाय मुलांना मोजायला बसवणार नाही.