नागरिकांचं अंदाजपत्रक: एकेकट्याचा अर्ज की सभेतला निर्णय?

पौडफाटा

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली कामं सुचवायची सोय नागरिकांना 2006 पासून आहे. अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाला 5 लाखांची मर्यादा. कनिष्ठ अभियंता जागा बघतो, खर्चाचा अंदाज काढतो, यादी प्रभाग समितीपुढे जाते आणि मंजूर झालेली कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात छापून येतात. देशात हे करणाऱ्या पहिल्या मोजक्या शहरांत आपलं शहर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण ही कल्पना जिथून आली त्या ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 साली काय झालं होतं? वस्त्यावस्त्यांतले लोक एकत्र बसले, भांडले, आधी कुठली नळजोडणी आणि नंतर कुठला रस्ता याचा क्रम त्यांनी मतं देऊन लावला. आपण त्यातला अर्ज घेतला आणि सभा सोडून दिली.

परिणाम समोर दिसतो. जो तो आपल्या सोसायटीच्या दारापुरतं मागतो. बाकडी, दिशादर्शक फलक, चांगले असलेले पेव्हिंग ब्लॉक काढून नवे ब्लॉक. दोन गल्ल्या सोडून पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, ते कोणाच्याच अर्जात नसतं, कारण ती जागा कोणाच्याच दारात नाही. शंभर जणांनी शंभर वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या की त्यातल्या कुठल्या घ्यायच्या हे शेवटी कार्यालयातला माणूसच ठरवतो. त्यात सहभाग कुठे राहिला?

महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद 2009 सालीच आली. अध्यक्ष नगरसेवक, सदस्य त्या भागातले सगळे मतदार. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा सभा कोण घेणार हा प्रश्न होता. आता जानेवारी 2026 च्या निवडणुकीतून 165 नगरसेवक आलेत, तो प्रश्न मिटला. म्हणून माझं स्पष्ट मत: सुटे अर्ज बंद करा. काम क्षेत्रसभेत सुचवायचं, तिथेच त्याचा क्रम लागेल. जो सभेला येणार नाही त्याचं काम यादीत नाही.

रात्रपाळी

तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. "जो सभेला येणार नाही त्याचं काम यादीत नाही." येणार नाही आणि येऊ शकत नाही यात काही फरक करणार आहात का?

मी रुग्णालयात काम करते, नावाप्रमाणे रात्रपाळी असते. आमच्या वस्तीतल्या बायका सकाळी सातला धुण्याभांड्याला बाहेर पडतात त्या दुपारी येतात, संध्याकाळी पुन्हा जातात. रिक्षावाले, हमाल, सिक्युरिटीतली मुलं, कोणाला सभेची वेळ जमणार? सभेत कोण दिसतं ते मी बघितलंय. सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव, निवृत्त मंडळी, लेटरहेडवर टाइप केलेली निवेदनं. माणसं वाईट नाहीत, शहरासाठी वेळ देतात. पण पार्किंगवर पाऊण तास बोलतात, आणि आमची बाई उठून म्हणाली की संडासाच्या वाटेवर दिवा नाही, तर "लिहून द्या, बघू" म्हणून पुढचा विषय.

आम्ही तेच केलं, लिहून दिलं. अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, पुन्हा जाऊन विचारलं. आज त्या वाटेवर दिवा आहे. सभेत बोललेल्याची पोच मिळत नाही हो, अर्जाची मिळते. तुम्ही आमच्या हातातली ती पोच काढून घ्यायला निघालात.

उपअभियंता (निवृत्त)

दोन्ही बाजू वाचल्या. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात गेली, म्हणून रस्त्यापुरतं बोलतो.

अर्ज असो वा सभा, रस्त्याचं काम सुचवताना लोकांकडे एक माहिती नसते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: त्या रस्त्याखाली येत्या वर्षात कोण काय टाकणार आहे. पाण्याची नवी लाइन, ड्रेनेज, वीज कंपनीची केबल, गॅस, इंटरनेटवाले. पुण्यात रस्तेखोदाईला परवानगी साधारण 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल या काळात मिळते. अंदाजपत्रकातला पैसा 31 मार्चला संपतो, खर्च झाला नाही तर बुडतो. म्हणजे खोदणारेही त्याच महिन्यांत आणि डांबर टाकणारेही त्याच महिन्यांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईनं झालेला पदपथ एप्रिलमध्ये केबलसाठी उखडला जातो तो यामुळे. यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असं नाही, दोन खात्यांची वेळापत्रकं एका टेबलावर येत नाहीत एवढं कारण पुरतं.

दुसरं, 5 लाखांत रस्ता होत नाही. गल्लीतला तुकडा होतो, आणि तोही जुना थर न खरवडता वर नवा थर टाकून. असे थर चढत गेले की रस्ता वर येतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात, पावसाचं पाणी नाल्याऐवजी लोकांच्या पार्किंगमध्ये शिरतं. मग तेच लोक पुढच्या वर्षी पाणी साचतं म्हणून अर्ज करतात. आधी उतार आणि पावसाळी गटार, मग चेंबर, सगळ्यात शेवटी डांबर किंवा काँक्रीट. हा क्रम पाळायचा तर शेजारपाजारच्या चार गल्ल्यांचा विचार एकत्र व्हावा लागतो आणि तो सुट्या अर्जांतून होत नाही. म्हणून मी सभेच्या बाजूनं आहे. पण पथ विभागाचा माणूस खोदाईचा नकाशा घेऊन हजर असेल तरच. नकाशाशिवाय होणारी सभा नुसत्या तक्रारी ऐकेल.

वेशीबाहेरचा

आमचं गाव 30 जून 2021 ला जी 23 गावं पुणे महापालिकेत आली त्यांतलं. त्याआधी 2017 मध्ये 11 आली होती. शहरातल्या लोकांना सभा ही नवी कल्पना वाटते. आमच्याकडे ती होती आणि गेली.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा. मुख्य सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. रात्रपाळीताई, तुमचं दुखणं गावातही होतंच: पुढच्या रांगेत ठरलेली माणसं आणि बायका मागं. महिला सभेनं ते थोडं का होईना हललं. पाण्याचा विषय तिथून वर यायला लागला, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर.

ग्रामसभा म्हणजे आदर्श असंही मी म्हणणार नाही. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा खेळ आम्ही भरपूर बघितला. पण सरपंचाला लोकांसमोर उभं राहून जमाखर्च वाचावा लागायचा. कुठल्या रस्त्याला किती आले, कुठं गेले, हे तिथल्या तिथं विचारता यायचं. पालिकेत आलो, मिळकतकर वाढला, आणि हा प्रश्न विचारायची जागाच गेली. अर्ज करायचा म्हटलं तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला क्षेत्रीय कार्यालय कुठं हेच आधी शोधावं लागतं. मला क्षेत्रसभा हवी ती यासाठी. काम मागायला नाही, हिशेब मागायला.

कसबा

माझा क्षेत्रसभेला विरोध आहे आणि तो वेळेपुरता नाही.

नगरसेवकांना कामं सुचवायला अंदाजपत्रकात 'स' यादी आहेच. आपल्या प्रभागातल्या कामांसाठी त्यांची तरतूद त्यात येते, आणि वर्षभर वर्गीकरणाचे प्रस्ताव येऊन एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळतात ते वेगळंच. संपूर्ण अंदाजपत्रकाच्या मानानं नागरिकांच्या कामांचा वाटा अगदी लहान आहे. पण त्याचं एक वैशिष्ट्य आहे: तिथे नागरिक कोणाच्याही दारात न जाता थेट मागणी नोंदवतो. ती क्षेत्रसभेत नेली, जिचा अध्यक्ष नगरसेवकच, की तीसुद्धा 'स' यादीचाच भाग होईल. सभेला कोण जमेल? ज्यांना फोन जातील ते. हात कोणते वर होतील? निवडणुकीत ज्यांनी टेबलं लावली त्यांचे. शिवाय आपल्याकडे चार नगरसेवकांचा प्रभाग. चौघं दोन पक्षांचे असले तर सभेत रस्त्यापेक्षा फ्लेक्सवर कोणाचा फोटो यावरच वाद होईल.

पोर्तो आलेग्रेचं उदाहरण इथं थेट बसत नाही. तिथं शहर सरकारलाच लोकांच्या हाती निर्णय द्यायचा होता. आपल्याकडे 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, 3 लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या, त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे 3 पर्यंत प्रतिनिधी नेमायची तरतूद राज्याच्या कायद्यात आली. आपल्या प्रभाग समितीवर ते प्रतिनिधी कोण आहेत, हे या धाग्यावरच्या किती जणांना सांगता येईल? ज्या व्यवस्थेत असलेली खुर्चीही लोकांना माहीत नसते, तिथं आहे तो एकमेव थेट मार्ग बंद करायचा ही मला धोक्याची गोष्ट वाटते.

पौडफाटा

कसबा, मग राजकारण आहे म्हणून सभाच नको? राजकारण बंद खोलीतही होतंच, आणि तिथं ते दिसतही नाही. चार लोकांसमोर नगरसेवकाला सांगावं लागलं की दिव्याऐवजी कमान का, तर निदान त्याला उत्तर द्यावं लागतं.

रात्रपाळी, तुमच्या पोचेचा मुद्दा मला पटतो आणि त्यासाठी मी मागणी बदलतो. अर्ज राहू देत. पण आलेले सगळे अर्ज, त्यांच्या क्रमांकासकट, क्षेत्रसभेत वाचून दाखवावेत. कनिष्ठ अभियंत्यानं प्रत्येकापुढे लिहावं: शक्य, अशक्य, कारण काय. नाकारलेल्या अर्जाचं कारण आज बहुतेकांना कळतच नाही. क्रम मात्र सभेत लागावा, यावर मी ठाम आहे.

उपअभियंता (निवृत्त)

कारण लिहून द्यायला काहीच हरकत नसावी. जागा महापालिकेच्या ताब्यात नाही, मालकी खासगी आहे, खालून लाइन जायची आहे, खर्च मर्यादेबाहेर, अशी चार-पाचच कारणं असतात. आणखी एक कॉलम वाढवा: याआधी तिथं काम कधी झालं आणि दोष दायित्वाचा काळ कधी संपतो. त्या काळात रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. नागरिक अर्ज करून तेच काम पुन्हा पालिकेच्या पैशानं मागतात, कारण त्यांना ती तारीख ठाऊक नसते. हा एक आकडा सभेत वाचला गेला तरी किती कामं यादीतून आपोआप गळतील.

रात्रपाळी

अर्ज वाचून दाखवणं मान्य. क्रम सभेत लावणं अजून मान्य नाही. हात वर करून क्रम लावला तर चारशे फ्लॅटची सोसायटी आणि साठ खोल्यांची वस्ती यात काय होणार ते मला आत्ताच दिसतंय.

वेशीबाहेरच्या दादांनी महिला सभेचं सांगितलं ते मला आवडलं. तसं काही असेल तर विचार करता येईल. प्रभागातल्या पैशातला काही हिस्सा आधीच वस्त्यांसाठी बाजूला काढून ठेवा आणि त्याचा क्रम वस्तीतच, आमच्या समाजमंदिरात, रविवारी रात्री आठनंतर लागू दे. त्यावर सोसायट्यांनी मत द्यायचं नाही. उरलेल्याचा क्रम तुम्ही खुशाल सभेत लावा. आणि इतिवृत्त दुसऱ्या दिवशी आरोग्य कोठीच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेच्या, भिंतीवर लागलं पाहिजे, नुसतं वेबसाइटवर नको.

कसबा

हिस्सा राखून ठेवण्याला माझा पाठिंबा. सभेनं क्रम लावण्याला अजूनही विरोध. हिशेब मागायचा असेल तर क्षेत्रसभा जरूर घ्या, त्यात मी स्वतः येईन. पैसे वाटण्याचा अधिकार मात्र तिला देऊ नका.

वेशीबाहेरचा

मग निदान हिशेबाच्या सभेवर तरी आपलं एकमत आहे. तेवढ्यावर सुरुवात करू. आमच्या भागात मी पत्र तयार करतोय: मागच्या 3 वर्षांत नागरिकांनी सुचवलेली किती कामं मंजूर झाली, किती प्रत्यक्ष झाली, किती पैसे वर्गीकरणात दुसरीकडे गेले. आमच्या नगरसेवकांनी हे सभा बोलावून वाचावं, एवढीच मागणी. उपअभियंता साहेब, मसुदा टाकतो, दोष दायित्वाचा तो कॉलम त्यात नीट कसा लिहायचा ते तुम्ही बघून द्याल का?

उपअभियंता (निवृत्त)

टाका. कामाचं नाव, रस्त्याची लांबी कुठून कुठपर्यंत, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदार, दायित्वाची अखेर. 'कुठून कुठपर्यंत' हे विसरू नका, नाहीतर एकाच रस्त्याचं नाव तीन कामांना लावलेलं सापडेल आणि काहीच ताडून बघता येणार नाही.

रात्रपाळी

त्या पत्रात संडास आणि दिव्यांची कामंही घ्या. फक्त रस्ते नकोत.