मदत हवी आहे: टार्गेटच्या धावपळीत मन साफ कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका खासगी फायनान्स कंपनीच्या शाखेत नऊ वर्षं काम करतेय. रोज संध्याकाळी ग्रुपवर कोणी कर्जाच्या किती फाइली केल्या याची यादी पडते, आणि मार्च जवळ आला की एकमेकांशी बोलणंसुद्धा तुटतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलाची आई दवाखान्यात होती म्हणून तो रजेवर होता. त्याचे ग्राहक आले, कोरेगावकडचे एक काका, पिशवीत सातबारा नीट घडी घालून आणलेला. “ते साहेब कुठायत?” म्हणाले. मी फाइल केली आणि माझ्या कोडवर, म्हणजे माझ्या नावावर टाकली. दोन महिने त्या काकांच्या मागे तोच फिरत होता. परत आल्यावर तो काही बोलला नाही, फक्त स्क्रीनकडे बघत राहिला. ते डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या घरी गोंदवल्याची वारी आहे. प्रपंच सोडू नका, प्रपंचात राहूनच नाम घ्या, हीच गोंदवलेकर महाराजांची शिकवण. सकाळी माळ ओढते, पण दहा वाजता शाखेचं शटर वर गेलं की सगळं विसरते.

त्याच्याशी बोलून फाइल त्याच्या नावावर करून द्यायला साहेबांना सांगायचं ठरवलंय. पण पुढे काय? विक्री, वसुली, बँक अशा कामात असलेल्यांनी कृपया सांगा: ऐन गर्दीत, समोर आकडा दिसत असताना, तुम्ही स्वतःला कसं थांबवता? आणि घरच्या हप्त्यांसाठी इन्सेंटिव्हही लागतोच, त्याचं काय करता?